शेवंतीच्या बोन्साय-मदर : कळ्यांचं कोडं सुटलं, पण स्पायडरने दुसरं घातलं

आज सकाळी ट्रे उचलून खालून पाहिलं. वीस कप्पे, एकोणीस कलमं जिवंत, आणि त्यांच्या प्रत्येक कप्प्याच्या भोकातून पांढरी शुभ्र मुळं डोकावत होती. एकाही शेंड्याला कळी नाही. तो ट्रे हातात धरून मी बराच वेळ तशीच उभी होते. मग ट्रे खाली ठेवला, सवयीने मदरच्या फळीवर (मदर म्हणजे जिच्या शेंड्यांची कलमं घ्यायची ती मूळ रोपं, मी ती बोन्सायसारखी बुटकी ठेवते) नजर टाकली, आणि जांभळ्या स्पायडर जातीच्या दोन्ही कुंड्यांत उंच फांद्यांच्या टोकाला मिरीच्या दाण्याएवढी कळी दिसली. म्हणून आजच लिहायला बसले आहे.

मागच्या नोंदीत सातही मदर कशा बिघडल्या ते सांगितलं होतं. ११ सेंमीच्या कुंड्या, दोन पांढऱ्या पॉम्पॉन, दोन जांभळ्या स्पायडर, दोन पिवळ्या बटण आणि एकटी तांबूस ॲनिमोन. वीसपैकी सतरा कलमांनी मुळं धरली होती, पण त्यातल्या अकरांनी चार-पाच पानांवरच कळी काढली. आठ सेंमीचं रोप आणि डोक्यावर कळ्या! अशा कलमाचं पुढे काहीच होत नाही. ते वाढत नाही, फांद्या काढत नाही, जेमतेम एक किडकं फूल देतं. नंतर मदरच्याही शेंड्यांवर कळ्यांचे झुपके आले.

तेव्हा माझे तीन संशय होते. पहिला, मुळं कुंडीत कोंडली असतील. सगळ्या कुंड्या उपटल्या, खालचा आणि कडेचा मिळून एक तृतीयांश मुळांचा गोळा कापला, नवं कोकोपीट-परलाइट भरलं. फरक शून्य. दुसरा, नत्र कमी पडत असेल. पण खालची पानं गर्द हिरवी होती, नत्र कमी असतं तर आधी तीच पिवळी पडली असती. तिसऱ्या संशयाने मात्र माझी झोप उडवली: स्टंट व्हायरॉइड.

ज्यांच्याकडे हा कधी आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. हा विषाणूपेक्षाही साधा जीव, वर प्रथिनाचं कवच नाही, नुसता साडेतीनशेच्या आसपास अक्षरांचा आरएनएचा गोल तुकडा. कात्रीच्या पात्यावरून एका झाडाचा रस दुसऱ्याला लागला की पसरतो. झाड खुजं होतं, पानं लहान आणि फिकी, मुळं फुटायला उशीर आणि फूल वेळेआधी. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला महिने जातात, आणि तोवर आपण त्या मदरची कलमं दहा जणांना वाटून बसलेलो असतो. औषध नाही. झाड जाळायचं, एवढंच. वेळेआधी फूल हे एक लक्षण जुळलं आणि मी ॲनिमोन उचलून लांब एकटी ठेवली.

कात्रीबद्दल माझं मत आता पक्कं झालं आहे. स्पिरिटने पुसून भागत नाही. बुरशी-जिवाणूंसाठी ते ठीक, पण व्हायरॉइड स्पिरिटला दाद देत नाही. घरगुती ब्लीच एकास नऊ पाणी, रोज ताजं, आणि दोन कात्र्या. एक बुडालेली, एक हातात. ब्लीचने पाती गंजतात, म्हणून महागडी बोन्साय कात्री या कामाला वापरू नका, साधी स्टीलची घ्या. शेवंतीचे कोवळे शेंडे तर मी आता कापतच नाही, बोटांनी मोडते. शेंडा योग्य वयाचा असेल तर कट्कन मोडतो. वाकला आणि तंतू लोंबला, तर तो जून झाला आहे, कलमाच्या कामाचा नाही. एकाच कृतीत परीक्षाही होते.

व्हायरॉइडचा संशय शेवटी एका साध्या विचाराने गेला. चार जाती, सात कुंड्या, वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या, आणि कळ्या सगळ्यांना एकाच आठवड्यात. रोग असं वागत नाही. सगळ्यांना एकाच वेळी लागू होणारी गोष्ट फळीवर एकच होती: रात्र.

शेवंती लहान दिवसांची म्हणतात, पण खरं तर ती अखंड अंधार मोजते. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी कॉकलबर या तणावर हेच दाखवलं होतं. लांब रात्र मध्येच उजेडाने तोडली की झाड फुलत नाही, दिवस मध्येच अंधाराने तोडला तर त्याला काही फरक पडत नाही. म्हणून आपण मदरना नाइट ब्रेक देतो, म्हणजे मध्यरात्री काही तास दिवा लावतो. माझा ११ ते २, नऊ वॅटचा पिवळसर एलईडी, फळीपासून मीटरभर वर. सध्या रात्र तेरा तासांची, संध्याकाळी सहा ते सकाळी सात. मधले तीन तास काढले की अंधाराचे पाच-पाच तासांचे दोन तुकडे उरतात. शेवंतीला कळी धरायला साधारण साडेनऊ-दहा तासांची सलग रात्र लागते, म्हणजे आपण चांगल्याच सुरक्षित अंतरावर.

त्या रात्री एक वाजता पाणी प्यायला उठले, आणि फळीवर मिट्ट काळोख.

दिवा लावणाऱ्या टायमरच्या चकतीवर वेळ होती संध्याकाळची ६:२०. खरी वेळ १:००. सहा तास चाळीस मिनिटं मागे! हे खुंट्यांच्या चकतीचे टायमर थेट विजेवर चालतात. वीज गेली की मोटर थांबते, आली की जिथे थांबली तिथून पुढे. चार महिन्यांपूर्वी लावला होता, मधे दर थोड्या दिवसांनी वीज जात होती, कधी दहा मिनिटं, कधी तास. चकतीने प्रत्येक खंड इमानेइतबारे साठवला होता. माझा ११ चा दिवा पहाटे ५:४० ला लागत होता. म्हणजे संध्याकाळी सहापासून सलग अकरा तास चाळीस मिनिटं अंधार. मी रोपांकडे जाते ती संध्याकाळी आणि सकाळी नऊनंतर. दोन्ही वेळी दिवा बंद असायचा, आणि तो तसाच असायला हवा होता. शंका यायला जागाच नव्हती.

ज्यांच्याकडे असे टायमर आहेत त्यांनी हे वाचणं थांबवून आत्ता चकती घड्याळाशी जुळवून या. मी खरंच सांगते आहे. विक्रेत्याने मला तो 'कायमचा लावून विसरा' म्हणून दिला होता. विजेवर चालणारी कुठलीच गोष्ट लावून विसरण्यासारखी नसते. आता आत बटण-सेल असलेला डिजिटल टायमर लावला आहे. वीज गेली तरी त्याची वेळ चुकत नाही. नेमकी ११ ते २ मध्येच वीज गेली तर दिवा लागणार नाही, पण एखाद-दुसऱ्या रात्रीने काही होत नाही. कळी धरायला लांब रात्रींची रांगच लागते.

दिवा नीट केला त्याला आज सात आठवडे. कळ्यांचे सगळे शेंडे खालच्या तीन-तीन पानांपर्यंत मागे घेतले. प्रत्येक फांदीवर पानं ठेवली, कारण जुन्या उघड्या लाकडातून शेवंती फुटेलच याचा भरवसा नाही. चार आठवड्यांनी नव्या फुटव्यांची ५-६ सेंमीची वीस कलमं घेतली. आयबीएची (मुळं फुटायला मदत करणारी) पावडर नवी आणली होती, आधीची डबी दोन वर्षं उघडी होती आणि माझ्या मते निम्मी मेलेली होती. कोकोची वीट तीनदा धुतली, कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवली, पुन्हा धुतली. बारा दिवसांत मुळं. तोच आजचा ट्रे.

मग स्पायडर का?

पहिला विचार अर्थातच उजेडाचा. दोन्ही स्पायडर फळीच्या टोकाला असतात. फोनचा लक्समीटर लावला. मध्यावर १६० लक्स, स्पायडरच्या पानांवर ११०. नाइट ब्रेकला शंभरच्या आसपास पुरतो, म्हणजे काठावर का होईना, पण पास. तरी मी लिहून टाकलं होतं: 'दुसरा दिवा आणायचा, स्पायडर मध्यावर आणायच्या.' ही नोंद त्या वाक्यावर संपणार होती.

पण लिहिता लिहिता मागच्या वेळचा फोटो उघडला आणि दोन्ही कळ्या शेजारी ठेवून पाहिल्या. त्या सारख्या नाहीतच! तेव्हाच्या कळ्या झुपक्याने होत्या. मधे एक, आणि तिच्या खाली प्रत्येक पानाच्या बेचक्यात आणखी एकेक. पूर्ण फुलोरा. आजची कळी एकटी आहे. तिच्या खालच्या तीन बेचक्यांत कळ्या नाहीत, पानांचे फुटवे आहेत आणि ते कळीला मागे टाकून वर निघाले आहेत. कळीच्या खालची दोन पानं अरुंद, पट्टीसारखी, कडांना कातरे नसलेली. ही क्राउन बड आहे. लांब रात्रीची कळी आणि ही कळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शेवंतीला कितीही लांब दिवस द्या, शेंडा न खुडता फांदी वाढू दिली की ठरावीक पानांनंतर ती एक कळी काढतेच. किती पानांनंतर, ते जातीवर अवलंबून. दिवस लांबच राहिले तर ती कळी पुढे सरकत नाही, तिथेच अडून राहते आणि खालचे फुटवे वाढतात. मला हे माहीत होतं, पण माझ्याकडे ते घडेल असं वाटलं नव्हतं, कारण मदरचे शेंडे आपण सतत खुडत असतो.

सगळे नाही. स्पायडरचं खोड बारीक राहिलं म्हणून मी दोन्ही कुंड्यांत एकेक फांदी मुद्दाम मोकळी सोडली होती. बोन्सायवाले बुंधा जाड करायला सोडतात तशी, नंतर कापून टाकायची फांदी. उठले, जाऊन पानं मोजली. एका फांदीवर कळीखाली १६, दुसरीवर १७. त्याच कुंडीत मुळाशी फुटलेली एक काश्या आहे, तिला १९ पानं झाली आहेत आणि शेंडा अजून निव्वळ पानांचा, मऊ, रुंद. त्याच दिव्याखाली, त्याच टोकाला. म्हणजे उजेडाचा प्रश्न नाही. दुसऱ्या दिव्याचा बेत रद्द.

माझ्यासाठी ही बाब मोठी आहे, कारण आपण बुटक्या मदर ठेवतो त्या दोन कारणांनी. जागा कमी लागते, आणि खरं सांगायचं तर ते म्हातारं, खवलेदार, तळाशी पसरलेलं खोड बघायला फार सुंदर दिसतं. माझ्या पॉम्पॉनचं खोड तीन वर्षांचं आहे आणि ते मला कुठल्याही फुलापेक्षा प्रिय आहे. पण वय कुंडीला नसतं, फांदीला असतं. खोड कितीही जुनं असो, मुळाशी आलेली काश्या पानं पहिल्यापासून मोजायला लागते. उंच, न खुडलेली फांदी मोजणीच्या शेवटाला आलेली असते, आणि तिच्या शेंड्याचं कलम ती मोजणी बरोबर घेऊन जातं. पॉम्पॉनची कलमं तीन वर्षं मला कधी का दगा देत नाहीत, ते आज लक्षात आलं. तिचं खोड इतकं आखूड आहे की फुटवे जवळजवळ जमिनीतूनच येतात.

मोकळी फांदी सोडणं बंद करणार होते, पण हे लिहितानाच दुसरं सुचलं. फांदी ठेवायची, फक्त दहाव्या पानावर खुडायची. बाजूचे दोन फुटवे येतील, त्यांनाही दहावर. पानांचा पसारा तेवढाच राहील, खोडाला जाडी मिळेल आणि सोळाचा आकडा कधी गाठला जाणार नाही. या फांदीची कलमं मात्र घ्यायची नाहीत, म्हणून तिला लाल दोरा. कलमं फक्त काश्यांची आणि खालच्या पहिल्या दोन पेऱ्यांवरच्या फुटव्यांची. बटणच्या दोन कुंड्यांत काश्या फारशा येत नाहीत, तिथे वरची माती दोन सेंमी खरवडून खोडाचा तळ उजेडात आणून बघते. मुळांची छाटणी पुढच्या महिन्यात आहेच, दोन्ही कामं एकदम होतील.

ॲनिमोन अजून वेगळीच ठेवली आहे. तिची पानं नेहमीच्या मापाची आहेत, रंगही चांगला आहे, आणि आजच्या ट्रेमधली तिची चारही कलमं मुळांवर आली. तरी लक्षणांना महिने लागतात, म्हणून तिची कलमं आणखी तीन महिने कुणाला देणार नाही. ज्यांनी मागितली आहेत त्यांनी कृपया थांबा.

संध्याकाळी दोन्ही स्पायडरच्या फांद्या दहाव्या पानावर खुडल्या, दोरे बांधले आणि १९ पानांच्या काश्येला मुद्दाम हात लावला नाही. तिला कितव्या पानावर कळी येते ते मोजायचं आहे. तुमच्याकडे स्पायडर असेल तर एक काश्या अशीच सोडा आणि आकडा कळवा.