निर्लेखनाच्या यादीतला बंब

मोटार वाहन निरीक्षक म्हटलं की लोकांना लायसन्सचा ट्रॅक आठवतो, नाहीतर फिटनेसची रांग. आमचं आणखी एक काम असतं, ते फारसं कोणाला दिसत नाही. सरकारी कार्यालयाची किंवा नगरपालिकेची गाडी कामातून गेली की तिच्या निर्लेखनाआधी, म्हणजे नोंदवहीतून ती कायमची काढून टाकण्याआधी, आम्ही ती तपासतो, दाखला देतो आणि लिलावासाठी तिची हातची किंमत, म्हणजे कमीत कमी किती यावी तो आकडा, ठरवतो. 16 जानेवारी 2023 च्या केंद्राच्या अधिसूचनेनं 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांच्या नोंदणीचं नूतनीकरण 1 एप्रिलपासून बंद केलं आणि तेव्हापासून हे काम एकदम वाढलं. जीप, रुग्णवाहिका, कचरागाड्या, टँकर. सही केली की गाडी किलोच्या भावानं जाते.

खानदेशातल्या एका नगरपालिकेची यादी अशीच टेबलावर आली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : ‘आगीचा बंब, नादुरुस्त. मॉडेल नमूद नाही.’

जुन्या जकात नाक्यामागची शेड. पुढच्या गाड्यांना वेळ लागला नाही. दोन जीप, एक रुग्णवाहिका, टाटा 1210 चा पाण्याचा टँकर. चासी नंबर घासून काढायचा, टायर, बॅटरी, इंजिन बघायचं, लिहायचं, पुढे सरकायचं. बंब सगळ्यात मागे होता. त्याच्यावर रस्त्यावरच्या दिव्यांचे खांब रचलेले, वर फाटकी ताडपत्री. भांडारपाल म्हणाले, “साहेब, तो बघण्यासारखा नाही. भंगारच लिहा.” खांब बाजूला घ्यायला सांगितले.

ताडपत्री निघाली आणि आधी बॉनेट दिसलं. लांब, गोल नाकाचं, दोन्ही बाजूंना फुगीर मडगार्ड. टाटा नाही, हे लांबूनच कळत होतं. जुनी टाटा ओळखायची खूण सोपी आहे. 1954 साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचे ट्रक सुरू झाले, त्यांच्या जाळीवर तीन टोकांचा तारा असायचा. 1969 साली तो गेला आणि टाटांचं स्वतःचं चिन्ह आलं. इथे ताऱ्याची जागाच नव्हती. होती ती पाच अक्षरं उखडल्याची भोकं.

पाच अक्षरं म्हणजे डॉज किंवा फार्गो. डीसोटो सहा अक्षरी, तो बाद. अमेरिकेची क्रायसलर कंपनी एकच ट्रक या तीन नावांनी विकायची, कारण विक्रेते वेगवेगळे. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या, आणि तीच नावं आपल्या रस्त्यांवर आली. डिझेलच्या कापडानं रंगाचा थर चोळायला लागलो. अक्षरं गेली तरी त्यांच्याखालचा रंग ऊन न लागल्यामुळे गडद राहतो. चौथं अक्षर आधी उमटलं, इंग्रजी ‘जी’. त्याचा उपयोग नाही, दोन्ही नावांत चौथं अक्षर तेच. मग पाचवं चोळलं. गोल निघालं. फार्गो!

लहानपणी आमच्या गावाहून कापूस भरून फार्गो जायच्या. घाट चढताना त्यांचा आवाज गावात पोचायचा आणि आम्ही पोरं ओट्यावर बसून ओळखायचो, ही टाटा, ही फार्गो. या नोकरीत इतक्या गाड्यांखाली गेलो, पण बंबाच्या रूपातली फार्गो पहिल्यांदाच समोर उभी होती. बॉनेट उघडलं. आत सहा सिलिंडरचं पर्किन्स पी-6, मद्रासच्या सिम्पसन कंपनीत बनलेलं. इंजिन जाम होतं. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला पितळी घंटेचा कंस शिल्लक होता, घंटा गेलेली. घंटेच्या दोरीनं घासून घासून त्या लोखंडी कंसाला बोट बसेल एवढी खाच पडली होती. ती खाच मी बराच वेळ चाचपत राहिलो. किती आगींना जाताना ओढली असेल ती दोरी!

तोवर भांडारपालांनी जडवस्तूंची जुनी नोंदवही शोधून आणली. खरेदी 1962. आणि त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी फोन करून निवृत्त यंत्रचालकांना बोलावून घेतलं. धोतर, टोपी, वय ऐंशीच्या पुढे. सगळे त्यांना आबा म्हणत होते. माझ्याशी न बोलता ते आधी बंबाच्या मागच्या बाजूला गेले आणि पंपावर हात ठेवून म्हणाले, “आहे. मला वाटलं, गेला.”

पंप गनमेटलचा, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचा. भंगारवाल्याची नजर आधी त्याच्यावरच जाते, कारण किलोमागे लोखंडाच्या कितीतरी पट भाव. मी नखानं खरवडलं तर वर तांबडा ऑइलपेंट. “मीच फासला, साहेब. रिटायर व्हायच्या आदल्या आठवड्यात. पिवळा चमकत ठेवला असता तर एका रात्रीत उचलला असता कोणी. लोखंड समजले सगळे.”

मग मी त्यांना विचारलं, पाणी कसं चढवायचे? आबांनी तिथेच उभं राहून सगळा क्रम सांगितला आणि सांगताना हात त्या त्या जागी जात होते. गाडी विहिरीच्या काठाला, चाकाला दगड. सक्शनचे, म्हणजे पाणी ओढायच्या नळीचे, जोड पान्यानं आवळायचे, केसाएवढी हवा लागली तरी पाणी चढत नाही. नळीच्या टोकाची जाळी, स्ट्रेनर, पाण्यात दोन हात खाली, पण तळाला टेकू द्यायचा नाही, गाळ येतो. डिलिव्हरी, म्हणजे पाणी बाहेर सोडायची वाट, बंद. इंजिनाची ताकद पंपाला जोडणारा पीटीओ टाकायचा, प्रायमर चालू करायचा, आणि कान इंजिनाकडे. “आवाज जड झाला की पाणी आलं. काट्याकडे बघत बसलो तर उशीर होतो.”

प्रायमर कशाला, हे समजून घेण्यासारखं आहे. पंख्याचा पंप हवा ओढू शकत नाही. आधी नळीतली हवा काढावी लागते, मग बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. तो दाब फार तर 10 मीटरपर्यंत पाणी उचलेल. प्रत्यक्षात 7 मीटरच्या पुढे भरवसा नाही. आणि आमच्या भागात चैत्रात विहिरी त्याच्या कितीतरी खाली जातात.

आबांची मोठी आग याच अडचणीतली. जिनिंगच्या आवारात गाठी पेटल्या. कापसाची दाबलेली गाठ 170 किलोची, तिच्या आतच हवा अडकलेली असते. वरून विझली तरी आतून धुमसत राहते, म्हणून आकड्यानं गाठ फोडून आतला कापूस भिजवावा लागतो. बंबाच्या टाकीतलं पाणी सुरुवातीलाच संपलं. विहिरीचं पाणी सक्शनच्या टप्प्याबाहेर. तेव्हा बंबामागे ओढून न्यायचा गोडिवा नावाचा पंप असायचा. त्याचा हूक अजून चासीला आहे. विहीर पायऱ्यांची होती. आबांनी आणि हमालांनी तो पंप दोरांनी पायऱ्यांवरून खालच्या टप्प्यावर उतरवला, त्यानं पाणी वर फार्गोच्या टाकीत चढवलं आणि फार्गोनं आगीवर मारलं. “दोन रात्री इंजिन बंद केलं नाही. रेडिएटरमध्ये घागरीनं पाणी ओतत होतो.”

दर वर्षी 14 एप्रिलला हा बंब धुऊन, हार घालून उभा करायचे. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन बोटीवर आग लागली. पोटात स्फोटकं आणि कापसाच्या गाठी एकत्र. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. आबा म्हणाले, कापूस जळताना कसा असतो ते बघितल्यापासून त्या दिवशी मान आपोआप खाली जायची.

आता माझा कागद. जुन्या गाड्यांसाठी 2021 साली केंद्रानं नियम केले. 50 वर्षांवरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा नंबर मिळतो. पण तो नियम दुचाकी आणि खासगी चारचाकीसाठी. ट्रक, बंब, रोलर त्यात बसत नाहीत. हे मला मनापासून चुकीचं वाटतं. मोटार घरात असते, तिला वारस असतो, रॅली असते. बंबानं गावाची घरं वाचवली, पण त्याचा वारस म्हणजे नोंदवहीतली एक ओळ.

मी अहवालात मॉडेल लिहिलं, बनावट लिहिली, इंजिनाचा आणि पंपाचा तपशील लिहिला. वाहन वापरास अयोग्य, हे खरंच होतं, तेही लिहिलं. शेऱ्यात लिहिलं की वाहन ऐतिहासिक मूल्याचं असून लिलावात न काढता जतन करावं. आबांनी सांगितलेला पाणी चढवायचा क्रम वेगळ्या कागदावर उतरवला, त्यांना वाचून दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या आणि खाली सही केली. तो कागद अहवालाला जोडला.

मुख्याधिकारी बाईंनी दुपारी स्वतः येऊन बंब बघितला आणि यादीतली ती ओळ लाल शाईनं वगळली. पालिकेसमोर चबुतऱ्यावर ठेवायचा तर सभेचा ठराव लागतो, तो अजून व्हायचा आहे. तोवर शेडचे पत्रे बदलून घेतलेत.

आता कुठल्याही शेडमध्ये जाण्याआधी मी कार्यालयाला फोन करून विचारतो, ही गाडी शेवटी कोणी चालवली, आणि तो माणूस हयात असेल तर बोलावून घ्या म्हणून सांगतो. पुढच्या आठवड्याच्या यादीत एक जुना रोड रोलर आहे. त्याचा चालक शेजारच्याच गावात राहतो म्हणे. त्याला निरोप पोचलाय.