तक्त्यातलं शून्य

बडोद्याच्या आमच्या प्रयोगशाळेत तलावांच्या गाळाचे डबे येतात आणि त्यातले जीव वेचून मोजणं हे माझं काम. अर्धा मिलिमीटर जाळीच्या चाळणीत गाळ धुवायचा, पांढऱ्या ट्रेमध्ये पसरायचा आणि चिमट्याने एकेक अळी, किडा, गोगलगाय बाहेर काढायची. एका डब्यात अख्खी दुपार जाते. लोकांना वाटतं, पाणी तपासलं की तलाव तपासला. पाण्याचा नमुना त्या दिवसापुरतं सांगतो. तळातल्या जिवाला पळता येत नाही, त्यामुळे वर्षभराचं त्याच्या अंगावर निघतं.

गेल्या हिवाळ्यात छोटा उदेपूरकडच्या एका तलावावर मी स्वतः गेले. तिकडे डोलोमाइटच्या खाणी आणि दगड दळणारे कारखाने. पावसात भुकटी ओढ्यात येते, ओढ्यातून तलावात. पाणी मात्र नितळ, सामू ठीक, ऑक्सिजन ठीक. होडीवाले काका म्हणाले, "बेन, पाणी तो चोखुं छे, पण माछली क्यां छे?"

ओढ्याच्या तोंडाशी ग्रॅब, म्हणजे तळातला गाळ उचलणारा जबडा, टाकला. भिजलेल्या रांगोळीसारखा पांढरा लगदा वर आला. बाजारातली बरीच रांगोळी याच दगडाची. चाळणीतून सगळं वाहून गेलं, मागे काहीच नाही. पलीकडच्या काठाला मात्र काळा गाळ, त्यात वळवळणाऱ्या लाल कायरोनोमस अळ्या, शिंपले, जिवंत गोगलगायी.

डोलोमाइट विषारी नाही, हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. उलट त्यातलं कॅल्शियम शंख-शिंपल्यांना हवंच असतं. पण इतकी बारीक भुकटी बसली की गाळातल्या फटी बुजतात. मेफ्लाय या कीटकाच्या पाण्यात वाढणाऱ्या पिल्लांचे कल्ले पोटाच्या दोन्ही बाजूंना उघडे असतात, त्यांवर ती चिकटते. शिंपला पाणी गाळून खातो, त्याच्या वाट्याला अन्नाऐवजी दगडाचं पीठ येतं. लाल अळ्यांकडे हिमोग्लोबिन असतं, कमी ऑक्सिजनवर त्या तग धरतात. इथे त्याही नव्हत्या.

मग मी कमरेएवढ्या पाण्यात उतरून अ‍ॅक्रिलिकची नळी हाताने गाळात दाबली. वर पांढरा थर, चांगला चार बोटं जाड, आणि खाली काळा गाळ. दोन्हींच्या बरोबर सीमेवर बेलामिया गोगलगायींचे रिकामे शंख. ही गोगलगाय अंडी घालत नाही, पिल्लं पोटातच वाढवते. एक शंख ट्रेमध्ये हलकेच फोडला तर आत मोहरीएवढे अकरा शंख निघाले, प्रत्येकाला पूर्ण वेटोळं.

नियम असा की तक्त्यात फक्त जिवंत जीव मोजायचे. नियम बरोबर आहे, नाहीतर जुने शंख मोजून कुणीही तलाव निरोगी ठरवेल. मी ओढ्याच्या तोंडासमोर शून्य लिहिलं. अहवाल मागवणाऱ्या कंपनीच्या साहेबांनी बैठकीत त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "म्हणजे इथे पहिल्यापासून काही नव्हतंच." मी शंखांबद्दल सांगितलं. ते म्हणाले, तक्त्यात नाही ते आम्ही कसं धरणार? आमचे सर गप्प बसले. त्यांचं ते गप्प बसणं मला अजून पटलेलं नाही.

'शेरा' असा एक रकाना मी तेव्हाच मागायला हवा होता. आता प्रत्येक तक्त्यात तो स्वतः आखते. ते अकरा शंख सत्तर टक्के अल्कोहोलच्या कुपीत माझ्या टेबलावर आहेत, चिठ्ठीवर जागा, तारीख आणि थराची खोली लिहून. नग या शब्दापुढची जागा मी कोरी ठेवली आहे.