उदोल्फो पुन्हा वाचताना: तिसरा खंड संपला

मंडळी, काल रात्री तिसरा खंड हातावेगळा झाला. ५७ पैकी ३८ प्रकरणं झाली. मधले दोन रविवार निव्वळ वादात गेले, पण या वाचनातले तेच सगळ्यात चांगले रविवार.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. ॲन रॅडक्लिफची 'द मिस्टरीज ऑफ उदोल्फो' १७९४ ची, गोष्ट मात्र १५८४ मध्ये फ्रान्सातल्या गॅस्कनीत सुरू होते. आईवडील गेल्यावर एमिली आत्याकडे येते, आत्या मोंतोनी नावाच्या इटालियन माणसाशी लग्न करते आणि तो दोघींना ॲपेनाइन डोंगरातल्या उदोल्फोच्या किल्ल्यात नेऊन ठेवतो.

या खेपेला मी वही घातली आहे. एमिलीला कुणी काही मागितलं की नोंद: कोणी मागितलं, ती काय म्हणाली. तिसरा रकाना नंतर आखला: 'हो' म्हणाली असती तर कोणाच्या मुठीत गेली असती? त्या रकान्याने माझं मत पार बदललं.

पहिला वाद तुलूझचा, म्हणजे आत्याच्या गावचा. एमिलीचा प्रियकर व्हॅलंकोर्ट म्हणतो, गुपचूप लग्न करू. ती त्याच्यावर जीव टाकते, तरी नाही म्हणते. गटातल्या निम्म्याजणी म्हणाल्या, इथेच घोडं पेंड खातं, पुढचं सगळं टळलं असतं. पूर्वी मीही हेच म्हणायचे. पण वडील जाऊन फार दिवस झालेले नाहीत, हातात पैसा नाही, आणि मोंतोनी पुढे काय करणार हे आपल्याला ठाऊक आहे, तिला नाही.

दुसरा वाद मोरानोचा, म्हणजे व्हेनिसमध्ये एमिलीला मागणी घालणाऱ्या काउंटचा, आणि तो जास्त पेटला. किल्ल्यात तिच्या खोलीला एक जादा दार आहे, जिन्यावर उघडणारं. त्याला आतून कडी नाही, बाहेरून दोन आहेत. ती एक जड खुर्ची ओढून दाराला लावते आणि झोपते. (हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटून बसले होते.) त्याच दाराने मोरानो रात्री आत येतो आणि म्हणतो, चल, तुला सोडवतो. आमची एक मैत्रीण वकील आहे. ती म्हणाली, "अगं, दार उघडंय, जा की! पुढचं पुढे बघता येतं." माझ्या वहीत मात्र तिसऱ्या रकान्यात 'मोरानो' एवढंच लिहिलंय. एका मुठीतून सुटून दुसऱ्या मुठीत. त्याला ती व्हेनिसपासून नकार देतेय, तरी तो ऐकत नाही. अशा माणसाबरोबर रात्री डोंगरात उतरणं याला मी सुटका म्हणणार नाही.

आता सही. माझ्या मते कादंबरीचा जीव इथे आहे. आत्या आपली इस्टेट नवऱ्याच्या नावावर करायला तयार होत नाही, म्हणून तो तिला बुरुजात कोंडतो, तिथे ती आजारी पडते आणि त्यातच मरते. मग लांग्दोकमधली ती इस्टेट एमिलीची होते आणि मोंतोनी कागद तिच्यापुढे सरकवतो. ती त्याला तोंडावर सांगते की कायदा मलाही कळतो, कुणी काहीही सांगितलं म्हणून फसणार नाही. जिथे स्वतःच्या खोलीला कडी घालता येत नाही तिथे ही मुलगी हे बोलते! रॅडक्लिफच्या इंग्लंडात लग्न झालं की बाईच्या जमिनीचा कारभार नवऱ्याकडे जायचा. त्या वाचकांना हा कागद भुतापेक्षा भयंकर वाटला असणार.

पुढे ती सही करतेच, फ्रान्सला पाठवण्याच्या बोलीवर, आणि सही हातात पडताच तो शब्द फिरवतो. "मग इतके दिवस सोसलं कशाला?" असं वकील मैत्रिणीने विचारलं. मला वाटतं, सोसलं म्हणूनच ती सही मोंतोनीला विकत घ्यावी लागली. तो बेइमान निघाला, हा दोष तिच्या खात्यात कसा मांडायचा? यावर आमचं जमलेलं नाही.

शेवटी ती किल्ल्यात कैदेत असलेला फ्रेंच तरुण द्यू पाँ, नोकर लुदोविको आणि दासी ॲनेट यांच्याबरोबर निसटते, इतक्या घाईत की डोक्याला टोपीसुद्धा नसते. वाटेत ती शेतकरी मुली घालतात तसली गवताची टोपी विकत घेते. वहीत पहिल्यांदाच तिसरा रकाना रिकामा राहिला.

चौथ्या खंडाची १९ प्रकरणं पुढच्या रविवारपासून. व्हॅलंकोर्टचा हिशेब तिथे आहे. आणि किल्ल्यातल्या त्या काळ्या पडद्यामागे एमिलीने जे पाहिलं ते काय होतं ते ज्यांना माहीत आहे त्यांनी तोवर कृपा करून बोलू नका, तिघीजणी पहिल्यांदाच वाचताहेत.