दाजी म्हणाले वीस मिनिटांत उरकू

बँकॉक आणि पटायाबद्दल मी काही लिहिणार नाहीये. त्यावर यूट्यूबवर ढिगानं व्हिडिओ पडलेत आणि त्यातल्या निम्म्यांत आमच्यासारखीच माणसं पॅराशूटला लटकलेली दिसतील. चार दिवस गेले, पैसे गेले, ताईचा गॉगल समुद्रात गेला, विषय संपला.

कांचनाबुरी मात्र माझा हट्ट होता. बँकॉकपासून पश्चिमेला व्हॅननं अडीच-तीन तास, तिथून पुढं बर्माची हद्द. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी कैद्यांकडून जी रेल्वे बांधून घेतली, ती डेथ रेल्वे, ती इथली. दाजींना तिथला एरावनचा धबधबा बघायचा होता, सात टप्प्यांचा, आणि मला हेलफायर पास. दाजी शाळेत गणित शिकवतात, दिवाळीच्या सुट्टीतला प्रत्येक तास त्यांनी मांडून ठेवलेला असतो. त्यांचं म्हणणं, "रेल्वेसाठी फोडलेला डोंगरच बघायचा तर थायलंडला कशाला, खंडाळ्याचा घाट काय वाईट आहे?" यावर सगळे हसले, मीपण हसलो. शेवटी तोडगा असा निघाला की सकाळी माझा खड्डा वीस मिनिटांत उरकायचा आणि दुपारी धबधबा.

आता आधी एक कबुली देऊन टाकतो, नाहीतर पुढचं लिहिणं खोटं वाटेल.

मी शाकाहारी आहे आणि थायलंडमध्ये शाकाहारी माणसाचे जे हाल होतात ते ज्याचे त्यालाच माहीत. दिसायला पालेभाजी आणि आत फिश सॉस. पाचव्या दिवशी रात्री हॉटेलवाल्यानं शेवटी हात टेकले आणि समोर एक ताट ठेवलं, मोकळा पांढरा भात आणि बाजूला पाण्यात उकडलेली कसलीतरी पानं. सांगलीहून नेलेलं भडंग संपत आलेलं. मी वैतागून त्या ताटाचा फोटो काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "डेथ रेल्वेच्या गावात कैद्याचं जेवण". पुढं हसणाऱ्या तोंडाचे चार इमोजी. अठरा जणांनी त्याच्यावर अंगठे दिले.

तर असा मी.

संध्याकाळी पूल बघितला होता, तो क्वाय नदीवरचा जगप्रसिद्ध. जत्रा नुसती. टी-शर्ट, नारळपाणी, रुळांवर झोपून फोटो काढणारी जोडपी. गंमत म्हणजे ती नदी मुळात क्वाय नव्हतीच, हे पात्र मे क्लोंगचं. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' हा सिनेमा गाजला, लोक येऊन क्वायवरचा पूल कुठाय म्हणून विचारायला लागले, मग सरकारनं 1960 च्या दशकात नदीचंच नाव बदलून टाकलं. पुलाच्या गोल कमानी जुन्या आणि मधल्या दोन चौकोनी नंतरच्या, कारण बॉम्ब पडून मधला भाग गेलेला. तिथं उभं राहून मला काहीही वाटलं नाही, खरं सांगतो. मक्याचं कणीस चांगलं होतं.

सकाळी ड्रायव्हरला हेलफायर पास म्हणून सांगितलं तर ढिम्म. फोनवर थाई नाव दाखवलं तेव्हा "चोंग खाओ खाट!" म्हणून ओरडला आणि निघाला. सत्तर-ऐंशी किलोमीटर आहे, म्हणजे वीस मिनिटांच्या कामासाठी जाऊन-येऊन तीन तास, हा हिशेब दाजींनी वाटेत दोनदा बोलून दाखवला.

वर ऑस्ट्रेलियन सरकारनं बांधलेलं छोटं म्युझियम आहे, 1998 सालचं. तिकीट नाही, ऑडिओ गाईडसुद्धा फुकट. फुकट म्हटल्यावर मी जरा साशंकच होतो पण इतकं नीटनेटकं, शांत, कुठं आरडाओरडा नाही की राष्ट्रगीत वाजत नाही. ताई आणि भाची एसीत बसल्या, दाजी म्हणाले मी गाडीतच थांबतो, आणि मी एकटा कानाला यंत्र लावून पायऱ्या उतरायला लागलो. पायऱ्या भरपूर आहेत. ज्यांचे गुडघे माझ्यासारखे आहेत त्यांनी उतरताना हे लक्षात ठेवावं की परत चढायचंय, मी ठेवलं नाही.

खाली बांबूचं रान, त्यातनं जुन्या रेल्वेची वाट. इथले रूळ युद्धानंतर उखडले गेले, गाडी आता अलीकडे नाम टोकलाच थांबते. पुढचं सगळं रानानं गिळलेलं. 1980 च्या दशकात टॉम मॉरिस नावाचा एक जुना ऑस्ट्रेलियन कैदी परत आला, जागा हुडकून काढली आणि मग साफसफाई झाली. नाहीतर हे नुसतं झाडीतलं भगदाड राहिलं असतं.

आणि मग एकदम दोन्ही बाजूला कातळ उभा राहतो. पंचवीसेक मीटर उंच भिंती, मध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढी फट, लांबी पाऊणशे मीटर असेल. वर आभाळाची चिंधी. हा सगळा डोंगर माणसांनी हातानं कापलाय. एकानं पहार धरायची, फिरवत राहायची, दुसऱ्यानं घण घालायचा, असं करत खोल भोक पाडायचं, त्यात सुरुंग ठासायचा, उडवायचा, आणि मग दगड पाट्यांनी उचलून बाजूला टाकायचा. भिंतीत अजून ती भोकं दिसतात, अर्धी कापलेली, पन्हाळीसारखी. एका ठिकाणी तुटलेल्या ड्रिलचं टोक खडकातच अडकून राहिलंय. मी एका भोकात बोट घातलं. आत गार होतं आणि इतकं गुळगुळीत की मी बोट पटकन काढून घेतलं, का ते माहीत नाही.

काम सुरू झालं 25 एप्रिल 1943 ला. ऑस्ट्रेलियात हा दिवस अँझॅक डे, 1915 साली तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर त्यांची पोरं उतरली आणि मेली त्याची आठवण. म्हणजे घरी तिकडं पहाटे बिगूल वाजत असणार आणि इकडं यांच्या हातात घण. आता दर वर्षी त्याच तारखेला त्याच फटीत पहाटे अंधारात लोक जमतात. सिंगापूर पडलं 15 फेब्रुवारी 1942 ला, तिथं पंधरा हजारांच्या आसपास ऑस्ट्रेलियन एकदम कैदी झाले. त्यांतले बरेच आणि जावाकडून आणलेले असे धरून सुमारे 13 हजार ऑस्ट्रेलियन या 415 किलोमीटरच्या रेल्वेवर राबले. 2,800 च्या आसपास परत गेलेच नाहीत. गोळी लागून नाही, कॉलरा, आमांश, मलेरिया, पायाला झालेली जखम सडत हाडापर्यंत गेली म्हणून, आणि मार खाऊन. जपान्यांना समुद्रातला रस्ता धोक्याचा झाला होता, बर्मातल्या फौजेला रसद पोचवायची होती, म्हणून घाई. पावसाळ्यात तर रात्रंदिवस. रात्री बांबूच्या शेकोट्या आणि तेलाचे दिवे लावून काम चालायचं आणि वरून बघणाऱ्याला खाली हाडांचे सापळे नरकात हलताना दिसायचे, म्हणून ते नाव.

ऑडिओ गाईडमध्ये त्या कैद्यांचेच आवाज आहेत, म्हातारपणी रेकॉर्ड केलेले. साधे, सावकाश बोलणारे आवाज, मध्येच खाकरतात. त्यांचे डॉक्टर होते एडवर्ड डनलॉप, सगळे त्यांना वेरी म्हणायचे. डनलॉप म्हणजे टायर, टायरवरनं टायर्ड, म्हणजे थकलेला, म्हणजे वेरी, असला कॉलेजातला पांचट जोक, तो माणसाला जन्मभर चिकटला. औषध नाही, उपकरणं नाहीत, तेव्हा या डॉक्टरांनी बांबूच्या नळ्या आणि स्टेथोस्कोपचं रबर वापरून कॉलऱ्याच्या पेशंटला सलाईन चढवलंय. डनलॉप जगले, 85 व्या वर्षी 1993 ला गेले, आणि त्यांच्या अस्थींचा काही भाग पुढच्या वर्षी इथं आणून ठेवला. जिथून जीव वाचवून गेला तिथंच परत यायचं. मला हे कळतही नाही आणि पूर्ण कळतंही.

आणि मग जेवणाचं आलं. पांढरा पॉलिशचा भात, त्यात किडे, आणि पाण्यात उकळलेला पाला. महिनोन्‌महिने तेच. त्यानं बेरीबेरी व्हायचा, पाय सुजायचे, दृष्टी जायची.

मी फोन काढला. तिथं रेंज होती, दुर्दैवानं. ग्रुपवर तो फोटो तसाच होता, खाली काकूंनी लिहिलेलं "अरेरे बिच्चारा". मी मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. दोन मिनिटांत मावसभावाचं आलंच, "काय डिलीट केलंस रे?"

तिथंच एका दगडावर बसलो होतो तर एक गोऱ्या आजी आल्या, सत्तरी ओलांडलेल्या, पायात स्पोर्ट्स शूज, हातात काठी. भिंतीच्या सांदीत लोकांनी छोटे झेंडे, लाकडी क्रूस, युद्धात मेलेल्यांच्या आठवणीची कागदी लाल फुलं, पॉपी, खोचलेली असतात. त्यांनी पर्समधून लोकरीची विणलेली पॉपी काढली. हात पोचेना म्हणून माझ्याकडे बघितलं, मी खोचून दिली. एवढ्यावर बोलणं सुरू झालं. क्वीन्सलंडच्या होत्या. वडिलांचा मोठा भाऊ, कॉलऱ्यात गेला. त्यांनी त्याला कधी पाहिलेलं नाही, त्या जन्मल्याच नंतर. घरात त्याचं नाव कोणी काढायचं नाही, चुकून कोणी काढलं की त्यांची आजी उठून स्वयंपाकघरात जायची आणि भांडी घासायला घ्यायची, घासलेली असली तरी. कांचनाबुरीच्या दफनभूमीत त्याची पाटी आहे, तिथं त्या उद्या जाणार होत्या. "आधी इथं यायचं होतं," म्हणाल्या. मग सहज विचारलं, "तुमचं कोण होतं?"

मी म्हटलं, कोणी नाही, आम्ही फिरायला आलोय. त्या छान हसल्या, "बरं केलंत," म्हणाल्या आणि काठी टेकत पुढं गेल्या. राग नाही, टोमणा नाही. मलाच उगाच परीक्षेत कोरा पेपर दिल्यासारखं झालं.

कारण आपलं कोणी नव्हतं असं नाही ना. या रेल्वेवर मित्रराष्ट्रांचे साठ हजारांवर कैदी होते, पण त्यांच्या कितीतरी पट मजूर होते, बर्मी, मलायी, जावाचे, आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून आणलेले तमिळ. ते किती मेले याचा आकडासुद्धा नक्की नाही, काही जण नव्वद हजार म्हणतात. ना नाव, ना पाटी. तेव्हा दाजींचा तो खंडाळ्याचा जोक आठवला. बोरघाटाची रेल्वे बांधतानाही हजारो मजूर मेले, डेक्कन क्वीननं जाताना आपण वडापाव खात खिडकीतून धबधबे बघतो. मी तर दर महिन्याला बघतो.

वर आलो तेव्हा एक तास चाळीस मिनिटं झाली होती. गुडघे बोलत नव्हते. दाजीही बोलत नव्हते. एरावन अर्थात रद्द, कारण वरचे टप्पे दुपारीच बंद होतात म्हणे. परत येताना मी निर्लज्जासारखं म्हटलं की दफनभूमीपाशी पाच मिनिटं थांबूया.

गावात अगदी स्टेशनजवळ, रस्त्याला लागून आहे. जवळपास सात हजार कबरी, त्यात साडेतेराशेच्या वर ऑस्ट्रेलियन. उभे दगड नाहीत, जमिनीलगत तिरक्या ब्राँझच्या पाट्या, मध्ये फुलझाडं, हिरवळ अशी की आमच्या नगरपालिकेनं येऊन बघावं. प्रत्येक पाटीवर नाव, नंबर, पलटण, तारीख, वय, आणि खाली घरच्यांनी कळवलेली एखादी ओळ. कुठं आईवडील, कुठं बायको, एखाद्यावर लहान मुलीचं नाव. मी वाचत गेलो. दाजी या वेळी गाडीतून उतरले होते आणि माझ्यापासून दोन रांगा सोडून चालत होते, आणि गणिताचे मास्तर ते, फक्त वयं वाचत होते, पुटपुटत. चोवीस. सत्तावीस. बावीस. एकतीस. बावीस. भाची पुढच्या महिन्यात बावीसची होईल, पण त्याबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

प्रवेशाच्या कमानीत भिंतीवर अकरा नावं आहेत, अखंड भारताच्या सैन्यातल्या अकरा जणांची. ते थायलंडमध्येच इतरत्र मुसलमान कबरस्तानांत पुरले होते, तिथल्या कबरी सांभाळणं शक्य नव्हतं म्हणून नावं इथं आणली. अकराच्या अकरा वाचली. मोठ्यानं वाचली, का तर त्या आजींना दिलेलं उत्तर चुकलं होतं असं वाटलं म्हणून, दुसरं काही नाही.

आणि तिथंच मला मामांच्या गावची पाटी आठवली. सातारा-सांगलीकडं गावोगाव असतात तसली, चावडीच्या भिंतीत बसवलेला संगमरवर, या गावातून 1914 ते 1919 च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. इंग्रजीत. फक्त आकडे, नाव एकाचंही नाही. लहानपणी त्याच्यावर चेंडू मारून मी एकट्यानं क्रिकेट खेळायचो, आणि आता आकडा आठवायला गेलो तर आठवेना.

गेटबाहेर येऊन मामांना व्हॉट्सअ‍ॅप कॉल लावला.

"मामा, ती चावडीवरची पाटी आहे का अजून?"

"कुठली पाटी?"

"ती युद्धात गेलेल्यांची. संगमरवराची."

"हां हां ती. आहे की." थोडा वेळ नुसता खरखराट. "पण दिसत नाही आता. वाढदिवसाचा फ्लेक्स लावलाय तिच्यावर. तू कुठनं बोलतोयस?"