सुईत दोरा

मिशनच्या गावी आम्ही चर्चचे नऊ जण सेवेला गेलो होतो. मला चष्म्यांच्या टेबलावर बसवलं. चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसू लागतं, त्यासाठीचे तयार चष्मे साधारण +१ ते +३ नंबरचे. तक्ता डोळ्यांपासून ४० सेंटिमीटरवर धरायचा, कमी नंबरापासून सुरू करायचं, नीट दिसलं की तिथंच थांबायचं.

पण रांगेतल्या कितीतरी जणांना वाचता येत नव्हतं. मिशनमधल्या सिस्टरनी तक्ता बाजूला सारला आणि सुई-दोरा आणून दिला.

एक आजी आल्या. +२.५ लावला, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि ओवला. काढला, पुन्हा ओवला. तीनदा! “आता नातीला हाका मारायला नकोत,” म्हणाल्या. मी प्रार्थनेचे शब्द घरून जुळवून नेले होते. ते राहूनच गेले, आजींनीच माझ्या डोक्यावर हात ठेवला.

ज्यांच्या बाहुलीत पांढरट दिसत होतं, त्यांची नावं मोतीबिंदूच्या तपासणीसाठी वेगळी लिहिली. त्यांना चष्मा देऊन परत पाठवणं मला पटलं नसतं. उरलेले चष्मे नंबरवार लावून सिस्टरांकडे दिले. आम्ही निघणार होतो, त्या तिथंच राहणार होत्या.