हरारे: दोघांत मिळून एक डॉलर

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये मैत्रिणीकडे हरारेला गेले होते. जकरंदा ऐन भरात, रस्तोरस्ती जांभळा सडा, आणि माझ्या लक्षात काय राहिलं तर सुट्टे पैसे! झिम्बाब्वेचं स्वतःचं चलन शंभर ट्रिलियनची नोट छापून शेवटी २००९ ला गुंडाळलं, तेव्हापासून बहुतेक व्यवहार अमेरिकन डॉलरमध्ये चालायचा. नोटा असायच्या (इतक्या मळक्या की लगेच हात धुवावेत), पण डॉलरची नाणी नव्हती. दुकानात सुट्ट्यांऐवजी गोळ्या द्यायचे, आपल्याकडेही देतात म्हणा.

तर कोंबी, म्हणजे तिथलं वडाप. भाडं तेव्हा अर्धा डॉलर. मी एक डॉलर दिला, शेजारच्या काकांनी एक दिला, आणि ह्विंडीने (कंडक्टर हो) आम्हा दोघांत मिळून एकच नोट परत दिली, 'तुम्ही दोघं' म्हणून बोट दाखवलं आणि गेला पुढे. आता अनोळखी माणसाबरोबर उतरून ती मोडायची!

काका शाळामास्तर निघाले. गाडीत मी सरकारबद्दल विचारलं तर एकदम गप्प. मी आपली सवयीने हातवारे करत बोलतेय, आणि तिथे तेव्हा उघडा पंजा म्हणजे मॉर्गन त्स्वांगिराईंचा एमडीसी हा विरोधी पक्ष, वळलेली मूठ म्हणजे राष्ट्राध्यक्ष रॉबर्ट मुगाबेंचा झानू-पीएफ. आपल्याला पंजा म्हटलं की काँग्रेस आठवते, तिथे २००८ मध्ये पंजावाल्यांनी खरोखर अंगावर बेदम मार खाल्लाय.

उतरल्यावर मात्र मास्तर मोकळे झाले. २००८ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्स्वांगिराईंना ४७.९ टक्के मतं, मुगाबेंना ४३.२, निम्म्याच्या वर कोणीच नाही म्हणून दुसरी फेरी, आणि तिच्याआधी एवढी मारहाण झाली की त्स्वांगिराईंनी माघारच घेतली. मग दक्षिण आफ्रिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी मध्ये पडले, सप्टेंबरमध्ये दोघांनी मिळून सरकार चालवायचा करार झाला, पण खात्यांवरून पाच महिने घोळ आणि तिकडे कॉलऱ्याने माणसं मरतायत. फेब्रुवारी २००९ ला एकदाचं ते सरकार आलं: मुगाबे राष्ट्राध्यक्ष कायम, त्स्वांगिराई पंतप्रधान. अर्थखातं एमडीसीच्या टेंडाई बिटींना, म्हणजे रिकामी तिजोरी यांच्या गळ्यात, आणि लष्कर मुगाबेंकडेच. गृहखातं कोणीच सोडेना, तर तिथे चक्क दोन मंत्री! मी गेले तेव्हा झानूचे केम्बो मोहादी आणि एमडीसीच्या थेरेसा माकोने, एकाच खुर्चीवर दोघं.

"मग पोलीस कोणाचं ऐकतात?" मी विचारलं.

मास्तर हसले. "पोलीसप्रमुख तेच जुने आहेत ना."

मला वाटलं आता शिव्या घालतील, पण नाही. २००८ मध्ये त्यांचा पगार शाळेत जायच्या भाड्यालाही पुरत नव्हता, शाळाच बंद पडल्यासारखी होती. हे सरकार आल्यावर सुरुवातीला सगळ्या सरकारी नोकरांना सरसकट शंभर डॉलर मिळाले, दुकानात ब्रेड दिसायला लागला. भांडतात तर भांडू देत, म्हणाले, फळा-खडू परत आलाय.

एवढं बोलत आम्ही अर्धा बाजार पालथा घातला, सुट्टे कुठेच नाहीत. नोट पहिल्यापासून मास्तरांच्या खिशात होती, मी नुसती मागे मागे चालत होते.