तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी गॅरेजला का देत नाही?

गाडी म्हणजे आमची कॅम्पर व्हॅन, आत झोपायची फळी, फ्रीज, पंखा असलेली. तिच्याबद्दल लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या जिन्यात, एकदा तर वेळणेश्वरला शेजारी गाडी लावलेल्या अनोळखी काकांनीसुद्धा विचारलं, "वायरिंग स्वतः कशाला करता? एखाद्या चांगल्या गॅरेजला देऊन टाका ना." मागोमाग ठरलेला उपप्रश्न, "मिस्टरांना जमत नाही का?" नाही जमत. ते पोळ्या उत्तम करतात.

माझं नेहमीचं उत्तर तुम्ही ऐकलेलं आहे. गॅरेजला दिली होती, त्यांनी ओढलेली वायर जळाली. एवढं म्हटलं की समोरचा गप्प होतो. खोटं नाही त्यात काही, पण ते अर्धंच आहे.

दिवाळीची सुट्टी होती. पुण्याहून पाटणमार्गे गुहागरला निघालो होतो. उंब्रज सोडल्यापासून फ्रीज आणि पंख्याचा फ्यूज उडत होता. निळा, 15 अँपिअरचा. बदलला की तासभर चालायचा, पुन्हा उडायचा. मी मनात बेरीज करत होते: फ्रीज पाच, पंखा दोन-तीन, म्हणजे आठ. मग पंधराचा उडतोय कशाला? तो खड्ड्यात गाडी आदळली की उडत होता. हे दिसत होतं, आणि मी बघत नव्हते. कुंभार्ली घाटाच्या अलीकडे शेवटचा निळा संपला. डबीत एक हिरवा होता, 30 चा. तो बसवला. चालला. मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं.

रात्री दोनच्या सुमाराला वासाने जाग आली. जळक्या रबराचा नव्हे, गोडसर, घशाला लागणारा प्लास्टिकचा वास. लेक ज्या फळीवर झोपली होती तिच्या कडेतून धूर येत होता. तिला ओढून नवऱ्याच्या हातात दिलं आणि बॅटरीकडे धावले. दहा नंबरचा पाना कुठे? त्याच फळीखालच्या खोक्यात. चटका खात तो काढला आणि घाईत निगेटिव्हऐवजी आधी पॉझिटिव्हच्या नटाला लावला. पान्याचं दुसरं टोक पत्र्याला टेकलं, डोळ्यांपुढे पांढरा लखकन उजेड. त्या पान्यावर अजून खड्डा आहे. टर्मिनल निघालं. मग आम्ही तिघं बाहेर वाळूत बसून राहिलो, दारं सताड उघडी टाकून.

सकाळी प्लाय उचकटला. पत्र्याच्या भोकातून दीड स्क्वेअर मिलिमीटरची बारीक वायर नेली होती, भोकाला ग्रोमेट, म्हणजे धार वायरला लागू नये म्हणून बसवायची रबरी कडी, नव्हता. दोन वर्षं पत्र्याची धार तिला घासत होती. हे गॅरेजचं काम, त्यात वाद नाही. पण निळा फ्यूज त्या वायरला वाचवण्यासाठीच उडत होता. मी त्याच्या जागी जो बसवला, तो ती वायर जळेपर्यंत उडणारच नव्हता. धार त्यांची, आग माझी.

तेव्हाची मी अजून भांडते. घाट, अंधार, पोर कंटाळलेली, फ्रीजमध्ये दोन दिवसांचं दूध, दुसरं काय करणार होते? मी तिला सांगते, फ्यूज काढून ठेवायचा होता. दूध नासलं असतं, बस. यावर ती म्हणते, मागून शहाणं व्हायला काय जातं.

मग परत गॅरेजला का नाही दिली? गेले होते. "ग्रोमेट का नव्हता?" असं विचारलं, तर उत्तर नवऱ्याकडे बघून आलं, "साहेब, एवढं कोणी लावत नाही." त्याच आठवड्यात सगळं वायरिंग उपसलं आणि नव्याने ओढलं. प्रत्येक भोकाला ग्रोमेट, बॅटरीपासून वीतभरात मेन फ्यूज, हाताशी बॅटरी तोडणारा कटऑफ स्विच. म्हणजे मी त्यांच्यापेक्षा हुशार आहे असं नाही. चुकलं तर कुठे चुकलं हे मला माहीत असेल, असा माझा हिशोब होता.

होता म्हणते, कारण सध्या गाडी तीन दिवस उभी राहिली की बॅटरी 12.7 व्होल्टवरून 12.4 वर येते. काल कटऑफ बंद केला, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून मध्ये मीटर लावला. काहीही चालू नसताना 0.4 अँपिअर जातोय. मग एकेक फ्यूज काढत गेले. दिवे, पंप, पंखा, फ्रीज. शेवटी मेन फ्यूजही हातात आला, आकडा 0.4 च. म्हणजे काहीतरी थेट बॅटरीला जोडलेलं आहे, फ्यूजशिवाय. आणि यावेळी ते गॅरेजने जोडलं असेल, असं म्हणायची सोय नाही.